बोंबलांच्या शेजारचं वाचनालय

परत येऊन आठवडा झाला. बरोबर नेलेली कापडी पिशवी दोनदा धुतली, तीन दिवस उन्हात घातली, तरी तिचा बोंबलाचा वास काही जात नाही. आम्ही देवरूखची माणसं, माशाच्या वासाचं आम्हाला काय कौतुक! पण पुस्तकं घेऊन घाटावर गेलेली बाई सुक्या बोंबलाचा वास घेऊन कोकणात परतली, हे ऐकून शेजारणी हसून बेजार झाल्या. प्रत्येकीला वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

मी एकतीस वर्षं वाचनालयात नोकरी केली. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं, हे अख्ख्या देवरूखला ठाऊक आहे. कपाटाची किल्ली मी कमरेला लावत असे आणि त्याचा मला अभिमान होता. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. ज्यांची मुलं मोठी झाली त्या घरांतून मी मुलांची पुस्तकं मागून आणली, फाटलेली चिकटवली, कव्हरं घातली. दोन खोकी भरली.

ती द्यायची कुणाला, हा प्रश्न मंगल त्रिभुवनने सोडवला. ही श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. ऊस आणि सपाट जमीन बघत वाढलेली मुलगी नोकरीसाठी अकोले तालुक्याच्या डोंगरात गेली आणि तिथेच रमली. पुण्याच्या एका शिबिरात आमची ओळख झाली होती. फोनवर म्हणाली, "ताई, खोकी पार्सलने पाठवू नका, तुम्हीच घेऊन या. आमचं वाचनालय तुम्ही बघायलाच पाहिजे."

वाचनालय म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर एक खोली आली, निदान एक कपाट तरी.

राजूर

तीन एसट्या आणि एक जीप यांचं वर्णन करत नाही. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना ते ठाऊक आहे, ज्यांनी केला नाही त्यांनी उगाच का घाबरावं! राजूरला उतरले तेव्हा ऊन कलत होतं आणि थंडी सुरू झाली होती. आमच्याकडे डिसेंबरात पंखा बंद केला की झालं. इथे मी स्वेटरवर शाल आणि शालीवर मंगलची चादर घेऊन बसले, तरी दात वाजत होते.

मंगलची भाड्याची खोली बाजारपेठेच्या मागे आहे. तिने जेवायला नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं आणि ठेचा केला होता. जेवणाआधी तिने डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना म्हटली. तेवढ्या वेळात मी भाकरीचा तुकडा मोडून बसले होते, तो गपचूप ताटात ठेवला. घुटं म्हणजे उडीद भाजून, भरडून केलेली दाट आमटी. आमच्याकडे उडीद पापडाला आणि घावन-आंबोळीला, त्याची अशी आमटी होते हे मला साठी उलटल्यावर कळलं. तीन वाट्या प्यायले. वर राजूरचा पेढा. प्रवासाचा शीण तिथेच उतरला.

मग मी मुद्द्यावर आले. "वाचनालय कुठे आहे तुझं?"

"उद्या उघडेल. उद्या बाजार आहे ना."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस ते घरोघरी असतं."

तिने सांगितलं ते असं. तिची शाळा वर उंबरदऱ्याला. आजूबाजूला आणखी वाड्या, एकेका डोंगराच्या कुशीत. शाळेत पुस्तकं होती, कपाटात कुलूपबंद. फाटली तर वरच्यांना काय सांगायचं, या धाकाने कुणी घरी देत नसे. आणि शाळेच्या वेळात वाचून किती होणार? मंगलला रोज वाड्यावाड्यांतून फिरणं शक्य नव्हतं. पण आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी खाली राजूरच्या बाजाराला येतंच. मीठ-मिरची घ्यायला येणाऱ्या बाईच्या पिशवीतून पुस्तकही वर जाऊ शकतं, हे तिच्या लक्षात आलं.

"पण आता माझी घाई वेगळीच आहे," ती म्हणाली. "भातं निघाली. आता लोक कांदा लावायला जुन्नरकडे निघतील. सगळं बिऱ्हाड पिकअपमध्ये घालून. जी मुलं बरोबर जातात ती शिमग्यापर्यंत येत नाहीत, आणि येतात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात. एकेक मूल इथे राहावं म्हणून मी घरोघर भांडतेय."

बाजार

दुसऱ्या दिवशी मंगलला शाळा होती. तिने मला एसटी स्टँडजवळच्या लिंबाखाली इंदूबाईच्या हवाली केलं आणि ती स्कूटरवरून वर निघून गेली.

इंदूबाई सुकट-बोंबील विकते. पोत्यावर सुकटीचा ढीग, बोंबलांच्या जुड्या, एका पाटीत वाकट्या. आणि तिच्या डाव्या हाताला, अगदी बोंबलांना खेटून, पत्र्याची एक निळी ट्रंक. तेच वाचनालय. झाकण उघडलं तर आत पुस्तकं आडवी-उभी कोंबलेली आणि असा वास, की आमच्या हर्णैच्या बंदरातसुद्धा नाक एवढं भरत नाही.

"ही जागा कशी काय निवडलीत?" मी विचारलं.

"आता काय सांगू! भाजी घेतल्याबिगर बाई जाईल, पर सुकट घेतल्याबिगर डोंगरात जात न्हाई," इंदूबाई म्हणाली. "समद्या हितंच येत्यात."

इंदूबाईला वाचता येत नाही. पुस्तकं ती चित्रांवरून ओळखते. एक 'माकडाचं', एक 'रडक्या पोरीचं', एक 'टोपीवाल्या म्हाताऱ्याचं'. कुणी काय नेलं हे ती कुठेही लिहीत नाही. मी वहीविषयी विचारलं तर ती हसली. "कागुद कशाला? मानूस ध्यानात ऱ्हातं की. उधारीवाली मी कदी इसरली का?"

बायका येऊ लागल्या. कमरेला कोयता खोचलेल्या, डोक्यावर वरईची नाहीतर वालाची गाठोडी. आधी आपला माल विकायचा, मग सुकट, मग पुस्तक. पिशवीच्या तळातून, मिठाच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक बाहेर येई. एकावर हळदीचा अंगठा, एकाचा कोपरा शेळीने खाल्लेला. शेळीचं सांगताना त्या बाईने जीभ चावली, तेव्हा मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा बोललाच असणार. आणि नवं पुस्तक निवडायचं कसं? बाई चित्र बघते, बोट ठेवते आणि जवळ उभ्या असलेल्या कुणाही शिकलेल्याला म्हणते, "एवढं दोन वळी वाच की." एसटीचा कंडक्टर, कॉलेजची पोरगी, पेढेवाला, कुणीही वाचतो. पटलं तर पुस्तक पिशवीत. एका म्हातारीने तर कंडक्टरला चार पुस्तकं वाचायला लावली आणि एसटी पाच मिनिटं उशिरा सुटली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मला गंमत वाटत होती, पण हातही शिवशिवत होते. कल्पना चांगली आहे, फक्त शिस्त हवी, असं माझं मत झालं. दुपारपर्यंत मी ट्रंक रिकामी करून पुस्तकं वयाप्रमाणे लावली, माझी खोकी उघडून नवी पुस्तकं पुढे मांडली आणि चिठ्ठ्या करून देवाणघेवाण सुरू केली. इंदूबाईने ते सगळं बोंबलाच्या जुड्या बांधता बांधता पाहिलं.

तेवढ्यात हौसाबाई आली. उंबरदऱ्याची, माझ्याच वयाची असेल, कदाचित एखाददोन वर्षांनी लहानच, पण मी तिला बेधडक आजी म्हणून हाक मारली. तिने पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढलं. एक कोंबडी एसटीत बसून बाजाराला जाते, अशी मोठ्या अक्षरांतली आठ पानांची गोष्ट. ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "ह्येच परत दे."

"वाचून झालं नाही का?"

"झालं की. नातीनं वाचलं. लई डाव वाचलं."

"मग दुसरं न्या आजी. तेच तेच वाचून काय उपयोग?"

"तिला त्येच दे वं बाई," इंदूबाई मागून म्हणाली. "सा बाजार झालं, ती त्येच नेती."

सहा आठवडे एकच पुस्तक! माझ्यातली किल्लीवाली बाई जागी झाली. कोंबडीचं पुस्तक मी बाजूला ठेवलं आणि माझ्या खोक्यातलं एक सुंदर, जवळजवळ नवं पुस्तक हौसाबाईच्या हातात दिलं. त्यावर समुद्र होता, शिडाची होडी होती. हौसाबाईने ते उलटंसुलटं करून पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं हे मला आता कळतं. पण डोंगरातल्या बायका शिकलेल्या बाईशी वाद घालत नाहीत. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि गेली. पाठोपाठ एक तरुण बाई आली, पार पलीकडच्या वाडीची. कोंबडीचं पुस्तक मी तिला देऊन टाकलं.

संध्याकाळी मंगल आली. मी तिला मोठ्या उत्साहाने माझं काम दाखवलं. हौसाबाईचं सांगितलं तशी तिने हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"ताई, ते पुस्तक दिलंत कुणाला?"

मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

हौसाबाईची नात रोहिणी, तिसरीतली. बाप किसन परवा दुपारी बिऱ्हाड घेऊन कांद्याला निघणार होता. रोहिणीला बरोबर न्यायचं, म्हणजे आई शेतात असताना ती धाकट्या भावाला सांभाळेल, असं त्याने ठरवलं होतं. मंगलने जाऊन त्याच्याशी भांडण काढलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की पोरीला वाचता येत असेल तर तिला आजीपाशी ठेवीन, नसेल तर नेईन. निघायच्या दिवशी तिने त्याच्यासमोर वाचून दाखवायचं. आणि रोहिणी सहा आठवडे त्याच एका पुस्तकाची तयारी करत होती.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एकतीस वर्षांत मी कितीजणांना असं 'दुसरं न्या' म्हटलं असेल, तेच आठवत राहिलं.

उंबरदरा

पलीकडच्या वाडीला जाऊन पुस्तक आणायचं मी मनाशी ठरवलं होतं. पण तिकडे जायला एक अख्खी डोंगराची सोंड ओलांडावी लागते आणि गाडी जात नाही, हे कळल्यावर तो नाद सोडला. एक दिवस असाच गेला. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्कूटरवरून वर निघालो. रस्ता संपला तिथून पायवाट. पहिल्याच चढाला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मंगलने केसातली पिन काढून तो कसाबसा अडकवला, तरी पुढचा अर्धा चढ मी चप्पल हातात घेऊनच चढले.

वर पोचल्यावर मात्र श्वास घेत उभीच राहिले. खाली भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी पसरलेलं, समोर कातळाचे उभे कडे, आणि कापलेल्या खाचरांतून भाताची खुंटं. आमच्याकडे हिरवं संपत नाही. इथे पाऊस आमच्याइतकाच कोसळतो, पण दिवाळीनंतर डोंगर पिवळे पडतात आणि सगळं लांबवर दिसायला लागतं. मला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून वाईटही वाटलं. मी काय पाहायला आले होते आणि काय करून बसले होते!

हौसाबाईचं घर शाळेच्या मागेच. अंगणात खळं सारवलेलं, कडेला भांडी आणि कांबळी बांधून ठेवलेली. मी माफी मागणार होते, वाक्यही जुळवून आणलं होतं. पण तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, आत जाऊन तांब्याभर कढत पाणी आणलं आणि म्हणाली, "पाय धू बाई. काटं मोडलं असत्याल." मग गुळाचा कोरा चहा दिला. माझं जुळवून आणलेलं वाक्य तसंच राहिलं.

रोहिणी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर माझं पुस्तक. दोन दिवस ती ते सोडत नव्हती, असं हौसाबाईने हळूच सांगितलं. "कोंबडीचं आमाला दोगीनाबी पाठ हुतं. ह्ये नवं लई अवगाड हाय."

किसन बाहेरून आला. काटक, अबोल माणूस, तिशीतला. मंगल काही बोलायला लागली तसं त्याने हात वर केला. "बोलनं नगं, बाई. ऐकू द्या." तो खळ्याच्या कडेला उकिडवा बसला. त्याची बायको बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

रोहिणीने पुस्तक उघडलं. "स... मु... द्रा... समुद्राला. भ... र... ती. भरती. आ... ली." ती थांबली. पुढची ओळ. "ख... ला... शा... ने." हा शब्द तिने जन्मात ऐकला नसणार. डोंगरात खलाशी कुठून येणार? तिने तो तीनदा फोडला, तीनदा जोडला. कपाळावर घाम आला. चार ओळींना इतका वेळ लागला की बाळ रडायचं थांबून तिच्याकडे बघायला लागलं. किसनने मान खाली घातली होती.

मग पान उलटलं आणि रोहिणी एकदम सुटली. बोट ओळींवरून भराभर सरकू लागलं. "नाव धरनाच्या पान्यात गेली. लई वारा सुटला. पल्याड मामाचं गाव हुतं. मामानं दिवा दावला. मंग नाव काठाला लागली आन् समद्यांनी भाकर खाल्ली." आवाज खणखणीत. हौसाबाईच्या तोंडावर हसू आलं. किसनने मान वर केली.

मी मात्र वाकून पान पाहिलं. त्या पानावर धरण नव्हतं, मामा नव्हता आणि भाकरही नव्हती. पोरीने चित्र बघून मनाचं जुळवलं होतं.

किसन माझ्याकडे वळला. "तुमी पुस्तकाच्या बाई हाय ना? आदी ती अडकत हुती. मंग चांगलं वाचलं. पुस्तकात तसंच हाय का?"

हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. मंगल माझ्याकडे बघत होती. रोहिणीही बघत होती, आणि त्या नजरेत भीती होती, कारण तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. परवा माझ्यामुळे जे बिघडलं ते एका शब्दात सुधारायची संधी समोर होती. पण त्या माणसाने मला विश्वासाने विचारलं होतं. त्याला स्वतःला बघून कळणार नव्हतं, म्हणून विचारलं होतं. मला खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या पानावरचं तिने मनाने सांगितलं. पुस्तकात वेगळं आहे."

हौसाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. रोहिणीने पुस्तक मिटलं.

"पण आधीचं, अडकत होती ते, ते सगळं पुस्तकातलं," मी घाईघाईने म्हटलं. "एकेक अक्षर बरोबर. तो शब्द तिने कधी ऐकलेला नाही, तरी काढला. वाचन तेच. भराभर आलं ते वाचन नव्हे."

किसन बराच वेळ खळ्यातल्या मातीवर बोटाने रेघा ओढत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी चार वर्सं शाळंत गेल्तो. पुस्तक हातात धरून धडा घडाघडा म्हनायचो. गुर्जी म्हनायचे, शाब्बास किसन. कदी अडाकलो न्हाई मी." तो थांबला. "आज एसटीची पाटी वाचाया मला दुसऱ्याला इचारावं लागतं."

मग तो सरकून रोहिणीजवळ आला, तिच्या मांडीवरचं पुस्तक त्याने उघडलं आणि दुसरं पान वर केलं.

"ह्ये वाच. मामाचं नगं. जे हाय ते वाच. अडकत वाच."

रोहिणीने बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. ती अडकली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडकली. एका ओळीला ती रडकुंडीला आली, पण रडली नाही. किसन तिच्या बोटाकडे टक लावून बघत होता. खाली रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. बायकोने त्याला हाक मारली, त्याने मानही वळवली नाही. हॉर्न पुन्हा वाजला. पान संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

पान संपलं. तो उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि दारातल्या बायकोला म्हणाला, "हिची कापडं येगळी काढ."